कोल्होबाची सरळ वाट

बालमित्रांनो, डोंगर चढताना तुम्ही कधी मागे राहिला आहात का? पुढे गेलेले लोक सावलीत मस्त पाय पसरून बसलेले असतात. तुम्ही धापा टाकत पोहोचता, टेकायला दगड शोधता आणि तेवढ्यात ते अंग झटकून म्हणतात, "चला, निघू या!" असा राग येतो की विचारू नका. तुमच्यापैकी ज्यांना हा राग ठाऊक आहे, त्यांना रानवाट मंडळ नक्की आवडेल.

सह्याद्रीच्या एका आडबाजूच्या रानात जनावरांनी हे मंडळ काढले होते. दर पंधरवड्याला सगळे सभासद मिळून डोंगर चढत. वर पठारावर बसून शिदोरी खात, गप्पा मारत आणि मग कामाला लागत. कधी वणवा पसरू नये म्हणून वाळलेले गवत काढायचे, कधी माणसांनी टाकलेल्या पिशव्या वेचायच्या, तर कधी डोंगराच्या पायथ्याच्या कुंडातला गाळ उपसायचा. हे कुंड म्हणजे मंडळाचा जीव की प्राण. खडकाच्या कपारीतून झरा येई आणि कुंडात साठे. चैत्र-वैशाखात ओढे आटले, की सगळ्या रानाला तेवढेच पाणी उरे. तीन वर्षे राबून मंडळाने ते खोल केले होते. मंडळाचे नियम फार नव्हते, पण एक अगदी कडक होता. सर्वांत मागचा सभासद वर पोहोचल्याशिवाय कुणीही शिदोरी सोडायची नाही.

या मंडळात एक कोल्हा होता. मंडळात येण्यापूर्वी तो एकटाच भटके, एकटाच खाई आणि स्वतःलाच विनोद सांगून स्वतःच हसे. आता त्याच्या विनोदांना हसणारे सोबती मिळाले होते. पंधरवडा कधी सरतो असे त्याला होऊन जाई. मंडळावर त्याचा फार जीव होता, पण त्या शिदोरीच्या नियमावर मुळीच नव्हता. कारण सर्वांत मागची सभासद होती कासवमावशी. डोंगराची वाट अकरा वळणांची, आणि मावशी प्रत्येक वळणावर थांबून इकडे तिकडे पाहणार, मग पुढचे पाऊल टाकणार. तोवर वर कोल्होबाच्या पोटात कावळे ओरडत. खेकड्यांची पुरचुंडी समोर ठेवून नुसते पाहत बसणे म्हणजे काय हाल असतात, ते त्यालाच ठाऊक.

"ही वाट सरळ असती तर मावशी अर्ध्या वेळात आली असती," एके दिवशी त्याच्या मनात आले. विचार आला की तो लगेच कामाला लागणारा. दुसऱ्याच दिवशी तो एकटा डोंगरावर गेला. कुंडाच्या वरच्या बाजूने थेट पठारापर्यंत त्याने नाकासमोर वाट काढली. करवंदीच्या जाळ्या मोडल्या, गवत तुडवले, आड येणारे दगड ढकलून दिले. पुढच्या पंधरवड्याला सगळे जमले तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "मंडळी, आता अकरा वळणे विसरा. ही नवी वाट! खास आपल्या मावशींसाठी!"

सगळ्यांनी वाट चढून पाहिली आणि काय सांगावे, जो तो खूश. मंडळाचा अध्यक्ष गवा. त्याला दर वळणावर आपला अवजड देह वळवावा लागे. तो तर म्हणाला, "कोल्होबा, तू माझे आयुष्य वाढवलेस." मंडळाचा चिटणीस वानर. त्याने तिथल्या तिथे आभाराचा ठराव मांडला आणि वाटेला 'कोल्हेवाट' असे नाव दिले. कुड्याच्या फुलांचा हार आणून कोल्ह्याच्या गळ्यात घातला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला हार घातला होता. त्या रात्री तो हार काढून ठेवायला त्याचे मन होईना.

एक गंमत मात्र झाली. जिच्यासाठी वाट काढली, त्या कासवमावशीने जेमतेम चार पावले टाकली आणि ती घसरली. गडगडत पायथ्याशी आली आणि पाठीवर उताणी पडली. वानराने धावत येऊन तिला सुलटे केले. मावशी पाय झाडत म्हणाली, "वाट झकास आहे हो, पण माझ्या पायांना झेपायची नाही. मी आपली जुन्या वाटेनेच येते." त्यामुळे झाले असे, की बाकीचे अर्ध्या वेळात वर पोहोचू लागले आणि मावशीची आणखीच जास्त वेळ वाट पाहू लागले. कोल्होबाची भूक होती तिथेच राहिली. पण हे बोलून दाखवणार कोण? वाटेला नाव त्याचे होते ना!

दिवाळी गेली, होळी झाली. गव्याच्या खुरांनी कोल्हेवाटेवर गवताची काडी उरली नाही. एकदा शिदोरी खाता खाता मावशी म्हणाली, "अरे, त्या उतारावर माती पार उघडी पडली आहे. जरा बघायला हवे."

"मावशी, तुम्हाला त्या वाटेने येता येत नाही ना, म्हणून ती तुमच्या डोळ्यांवर येते," कोल्हा म्हणाला. सगळे खो खो हसले. मावशीही थोडीशी हसली आणि उंबर खाऊ लागली.

पावसाळ्यात मंडळाला सुट्टी असे. आषाढात चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या दिवशी जरा उघडीप झाली, तेव्हा कोल्हा सहज कुंडाकडे गेला आणि जागीच थबकला. कुंड नव्हतेच! जिथे गळ्याइतके नितळ पाणी असायचे तिथे तांबडा चिखल काठोकाठ भरला होता. कपारीचे तोंड बुजले होते. तीन वर्षांची मेहनत चार दिवसांत मातीखाली गेली होती.

हा चिखल आला कुठून? तो चिखलाचा माग काढत वर चढू लागला आणि थेट आपल्याच वाटेवर येऊन पोहोचला. आता ती वाट राहिली नव्हती. तिथे कमरेइतका चर पडला होता आणि त्यातून गढूळ पाणी माती खरवडत, दगड लोटत खाली धावत होते. आता वैशाखात सगळे रान पाणी पिणार कुठे?

दुसऱ्या दिवशी सगळे मंडळ कुंडापाशी जमले. पावसाची भुरभुर सुरूच होती. वानर कपाळाला हात लावून म्हणाला, "वर दरड कोसळली असणार. निसर्गापुढे कुणाचे काही चालते का?"

"खरे आहे बाबा," गवा सुस्कारा टाकून म्हणाला. "आपण तरी काय करणार?"

कोल्हा खाली मान घालून उभा होता. गप्प बसायचे, बस्स. सगळे दरडीला दोष देतील आणि कोल्हेवाट तशीच राहील. खरे सांगितले तर? हे मला मंडळातून काढतील. मग पुन्हा एकट्याने भटकायचे, एकट्याने खायचे. एवढ्यात त्याला कासवमावशी दिसली. ती कुणाशी काही न बोलता आपल्या चिमुकल्या पायांनी कुंडातला चिखल ओढत होती. एक ओंजळभर चिखल बाहेर, की पुन्हा आत. अशाने कुंड रिकामे व्हायला दहा पावसाळे लागले असते. कोल्ह्याला ते बघवेना.

"दरड नाही कोसळली," तो एकदम म्हणाला. "माझी वाट कोसळली. हा सगळा चिखल कोल्हेवाटेवरून आला आहे."

सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिले. मग वानर चिडला. "काहीतरीच काय बोलतोस? अरे, त्या वाटेसाठी आपण तुझा सत्कार केलाय!"

"आणि वाट बंद करायची म्हणजे पुन्हा अकरा वळणे?" गवा कुरकुरला.

"माझ्याबरोबर वर चला," कोल्हा म्हणाला. "आत्ताच चला, पाऊस पडतोय तोवर. आणि मावशी, तुम्हीही या."

गव्याने मावशीला पाठीवर घेतले आणि सगळे वर चढले. चराच्या कडेला उभे राहून त्यांनी पाहिले. समोरच एक मातीचे ढेकूळ सुटले, पाण्यात विरघळले आणि कुंडाच्या दिशेने गेले. त्याच्यामागून दुसरे गेले. मग गवताचे एक ठोंब मुळांसकट वाहत गेले.

"ज्यांनी जुनी वाट पाडली, त्यांनी ती वळणे उगीच नव्हती घातली," मावशी हळूच म्हणाली. "मी दर वळणावर थांबते ना, तेव्हा बघते. वळणावर पाणीही थांबते, पसरते आणि जमिनीत मुरते. तेच पुढे झऱ्यातून कुंडात येते. कोल्होबा, तुला जवळची वाट आवडली. पाण्यालाही आवडली, बाळा."

गव्याने मान वाकवून चराकडे पाहिले. कडेच्या मातीत त्याच्याच खुरांचे भलेमोठे ठसे होते. तो ओशाळून म्हणाला, "एकट्या कोल्होबाला कशाला बोल लावायचा? यात माझे खूर सगळ्यांत जास्त आहेत."

"तरी वाट मी काढली," कोल्हा म्हणाला. "मावशींसाठी काढली असे सांगितले, पण काढली माझ्या भुकेसाठी. मला मंडळातून काढून टाका."

"वा रे वा! चिखल करायचा तू आणि निस्तरायचा आम्ही?" गवा डोळे वटारून म्हणाला. "तुला सोडतो होय! उद्या पहाटे कामाला ये."

कोल्हा रडतही होता आणि हसतही होता. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर झाला. स्वभाव मात्र तोच, घाईचा! त्याने एक भलामोठा धोंडा लोटून चराच्या मधोमध बसवला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. संध्याकाळी सर आली. पाणी धोंड्याला वळसा घालून गेले आणि जाताना बाजूची माती घेऊन गेले. कोल्हा कपाळ बडवू लागला, तेव्हा मावशी म्हणाली, "पाण्याला अडवू नकोस, नुसते दमव. दर दहा पावलांवर लहान दगडांची एक आडवी ओळ घाल. मागे माती साचेल, त्या मातीत गवत लाव."

मग पावसाळ्याची सुट्टी मोडून दर पंधरवड्याची सहल त्या उताराचीच होऊन बसली. गवा दगड लोटी, वानर ते रचून देई. कोल्हा तोंडात गवताची ठोंबे धरून आणी आणि पंजाने माती उकरून लावी. ज्याला नुसते बसवत नव्हते, तोच आता गवताला कोंब फुटला का, हे बघायला रोज सकाळी जाई. भाद्रपदात एकदा वानराने तिथून उडी मारून जायचा बेत केला. "एकदाच रे, फार उशीर झालाय!" तो म्हणाला. कोल्हा काही न बोलता त्याच्यासमोर आडवा झाला. वानर हसला आणि जुन्या वाटेने गेला. थंडी पडली तेव्हा सगळ्यांनी मिळून कुंडातला चिखल उपसला. त्याला दोन महिने लागले. कंटाळा आला, भांडणे झाली, एकदा तर गवा रुसून आठवडाभर आला नाही. पण शेवटी कपारीचे तोंड मोकळे झाले. झरा मात्र थेंब थेंबच गळत होता. तो पुरेल की नाही, हे कुणालाच सांगता येईना.

वैशाख आला. ओढे आटले. एका दुपारी कोल्हा कुंडापाशी गेला आणि त्याने आत डोकावले. पाणी होते! गळ्याइतके नव्हते, गुडघाभरच होते, पण इतके नितळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत. कोल्ह्याचे डोळे भरून आले. तो पाण्याला तोंड लावणार, एवढ्यात मागे पाचोळा वाजला. पलीकडच्या डोंगरावरची एक भेकर पाडसाला घेऊन आली होती. तिकडचे पाणी केव्हाच संपले होते. दोघांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. कोल्ह्याला पाहून भेकर बिचकली.

कोल्हा चार पावले मागे सरला, अंग चोरून एका झुडपाआड बसला आणि म्हणाला, "प्या, प्या. सावकाश प्या. मला घाई नाही."

पाडसाने पाण्यात तोंड घातले आणि ते गटागटा पीत राहिले. हे पाणी कुणी बुजवले होते, कुणी मोकळे केले, यातले त्याला काहीच ठाऊक नव्हते. पोट भरल्यावर त्याने ओले नाक आईच्या अंगाला पुसले आणि तिच्यामागून ते उड्या मारत निघून गेले. कोल्हा ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिला. आजवरच्या सगळ्या दिवसांत इतके बरे त्याला कधीच वाटले नव्हते.

तात्पर्य : आपल्या सोयीची वाट काढताना तिची झळ कुणाला बसेल ते आधी पाहावे, आणि चूक झालीच, तर ती मोकळेपणाने कबूल करून निस्तरायला सर्वांत आधी आपण हात लावावा.