वाढलेला जोंधळा

ऐका मुलांनो, आणि मुलांच्या आज्यांनो, तुम्हीही ऐका. फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका राज्यात एक अक्का राहायची. तिचे दोन नेम होते. रोज एका अतिथीला जेवू घातल्याखेरीज स्वतः घास घ्यायचा नाही, हा पहिला. अन्नपूर्णेच्या घरात ‘संपलं’ म्हणायचं नाही, हा दुसरा. मीठ संपलं की ती म्हणे, “मीठ वाढलं.” हा दुसरा नेम तसा साऱ्या राज्याचाच. बायकांच्या जिभेला वळणच तसं.

एका वर्षी पाऊस रुसला. जोंधळा वीतभर येऊन वाळला. राजा प्रधानाला म्हणाला, “घरोघर विचारून या. धान्य कमी असेल तर नदीपलीकडून नावा भरून आणू.”

प्रधान नवा, राणीच्या माहेराहून आलेला. आपली भाषा तो पोथीवरून शिकला होता, चुलीपाशी नव्हे. तो अक्काच्या दारात आला.

“अक्का, जोंधळ्याचं कसं काय?”

अक्कानं डोळ्यांना पदर लावला. “काय सांगू प्रधानजी, जोंधळा वाढला.”

“वा! आणि तांदूळ?”

“तो तर दिवाळीलाच वाढला.”

“अक्का, तुमच्या तोंडात साखर पडो!”

“तीही वाढली हो,” अक्का म्हणाली.

प्रधानाला ते आनंदाश्रू वाटले. घरोघर हेच ऐकून त्यानं सगळं लिहून नेलं. राजा उभ्या जन्मात स्वयंपाकघरात डोकावला नव्हता. तो खूश होऊन म्हणाला, “एवढं वाढलंय तर नावा कशाला? उलट आपल्या कोठारातलं धान्य पलीकडे विका!”

ही बातमी फुटली मात्र, बाजारात वाण्यानं भाव दुप्पट केला.

“वाढला, अक्का,” तो म्हणाला.

“अगं बाई, भावही मिठासारखाच वाढला?”

“नाही हो, हा खरोखरचा वाढला! प्रधानांनी लिहून दिलंय ना, घरोघर धान्य वाढलं म्हणून. आज कोठाराच्या गाड्या नदीवर निघाल्यात.”

अक्कानं कपाळाला हात लावला. दोन दिवस अतिथीला वाढायला काही नव्हतं, म्हणून तिलाही कडकडीत उपास. आता साऱ्या राज्यालाच घडणार! पण नेम मोडून बोलायचं कसं? तिनं प्रधानालाच जेवायला बोलावलं. पाट मांडला, रांगोळी काढली, पान ठेवलं.

प्रधान वाट पाहून म्हणाला, “अक्का, वाढा ना.”

“वाढलंय, प्रधानजी.”

प्रधानानं पान उचलून खाली पाहिलं. “कुठं?”

अक्कानं रिकामं मडकं पुढे केलं.

“समजलं!” प्रधान हसला. “मडक्यात मावेना, म्हणून मोठ्या कणगीत हलवलंत!”

गल्लीच्या टोकाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. अक्का देव्हाऱ्याकडे वळली, दोन्ही कान पकडले. “आई, रागावू नकोस गं,” म्हणाली, आणि ओरडली, “संपलं! जोंधळा संपला! घरोघर संपला!”

अन्नपूर्णेच्या उजव्या अंगाचं फूल टपकन खाली पडलं. प्रधान अनवाणीच धावला आणि गाड्यांपुढे आडवा झाला.

कोठारातलं धान्य घरोघर वाटलं. पलीकडून नावा भरून आल्या, भाव खाली उतरला. राणीनं राजाला महिनाभर जोंधळा निवडायला बसवलं.

पहिल्या भाकरीला अक्काचा अतिथी प्रधानच होता. दोन भाकऱ्या झाल्यावर तिनं विचारलं, “आणखी वाढू?”

प्रधान दचकला. “अक्का, आधी सांगा, कुठल्या अर्थानं?”

तेव्हापासून अक्का देवापुढे ‘वाढलं’ म्हणते आणि राजापुढे ‘संपलं’. तिच्या दारचा अतिथी जसा तृप्त होऊन उठला, तसा तुमच्याही दारचा उठो.

बोध: शुभ बोलावं, पण भुकेची गोष्ट उघड सांगावी, आणि ज्याच्या हाती कोठार, त्यानं ती चुलीपाशी जाऊन ऐकावी.