वाऱ्यावर गेलेलं शहाजिरं

“अजून कापलं नाहीस?”

निवांतबाबा शहाजिऱ्याच्या वाफ्याशी उभे होते. पहाटेचं दव पडलेलं होतं, आणि त्यांच्या शिष्याच्या, विश्वंभराच्या हातात विळा नव्हता.

“परवा कापतो, बाबा. भंडाऱ्याच्या दिवशी.”

बाबांनी एका देठाला बोट लावलं. दोन दाणे मातीत पडले.

“दाणा तपकिरी झाला, की दवातच कापायचं. वाळून कोरडा झाला की तो कुणाचं ऐकत नाही.”

“दोनच दिवस तर आहेत...”

बाबा मठाकडे वळले.

विश्वंभर म्हणजे कुणी सोम्यागोम्या नव्हता. तो कीर्तनाला उभा राहिला की गाव लोटायचं. ते सगळं सोडून तो डोंगरावरच्या या थंड हवेच्या मठात अनुग्रह मागायला आला, तेव्हा बाबांनी त्याच्या तळहातावर चिमूटभर बी ठेवलं होतं.

“याचं जिरं भंडाऱ्याच्या भातात पडू दे. मग बोलू.”

पहिलं वर्ष नुसत्या पाल्यावर गेलं. शहाजिरं दुसऱ्या वर्षी फुलतं हे कीर्तनकाराला कुठून ठाऊक असणार! तो धुसफुसत राहिला, आणि बाबा मिटक्या मारत त्या पाल्याची आमटी खात राहिले. दाटी झाली म्हणून उपटलेल्या रोपांच्या मुळांचीसुद्धा त्यांनी भाजी करायला लावली.

दुसऱ्या वर्षी पांढरी फुलं आली, मग दाणे धरले. विश्वंभराने डोळ्यांत तेल घालून वाफा राखला. आता एकच हौस उरली होती. भंडाऱ्याला पंचक्रोशी जमेल, सगळ्यांच्या देखत तो विळा चालवेल, टोपली डोक्यावर घेऊन भटारखान्यात जाईल. हौस कुणाला नसते? फक्त ती बाबांना सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

भंडाऱ्याच्या आदल्या दुपारी वारा सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लोकांना घेऊन वाफ्यावर आला. पहिली मूठ धरली, कापली. ती फार हलकी लागली. त्याने देठ उलटेपालटे करून पाहिले. दाणा औषधालाही नव्हता.

“अगं बाई, गळालं की समदं!” गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. कुणीतरी हसलं. मग लोक एकेक करून पंगतीकडे वळले.

विश्वंभर गुडघ्यांवर बसून दाणे वेचू लागला. दाणा आणि माती एकाच रंगाची, काय वेचणार? दोन वर्षं गेली आणि अनुग्रहही गेला, या विचाराने त्याला रडू कोसळलं.

भात जिऱ्याविनाच शिजला. जेवायला तो गेला नाही.

पंगती उठल्यावर बाबा वाफ्याकडे आले. विश्वंभराने मान वर केली नाही.

“बाबा, लोकांना दाखवायचं म्हणून मी ते राखून ठेवलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं? मग रागावला का नाहीत?”



बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ते वाकले आणि वाफ्याच्या कडेकडेने हलक्या हाताने पाणी शिंपडू लागले.

विश्वंभर बघत राहिला.

“आता पाणी कशाला, बाबा? काढायचं काही उरलेलं नाही. मी उद्या निघतो.”

बाबांनी तांब्या पुरता रिकामा केला आणि त्याच्या हातात दिला.

“आणखी आण. तुझ्या हातून पहिल्यांदाच कुणाला न दाखवता पेरणी झाली आहे.”