काशाला मोड आले

एका गावात एक ओतारीण राहत होती. तिला काशाच्या घंटा ओतता येत, समया ओतता येत, बैलांच्या गळ्यातले घुंगरू ओतता येत. फक्त 'मला येतं' असं म्हणता येत नसे. कुणी कामाचं कौतुक केलं की ती घाईघाईने त्यातला एखादा खड्डा शोधून दाखवायची. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वाटे, झालं, आता भट्टीही बिघडणार.

नवरा समया-घंटा घेऊन दूरच्या बाजारांना गेलेला. घरात ती, तिची सासू आणि चार वर्षांची लेक.

त्या गावाचं एक दुखणं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत मिरवणूक काढत. मिरवणुकीच्या पुढे चाकांवरचा काशाचा एक मानाचा बैल लागे आणि तो दरवर्षी नदीपलीकडच्या गावाकडून मागून आणावा लागे. ते देत, पण देताना म्हणत, "न्या हो न्या. पोरांना तेवढं सांगा, शेपटी धरू नका म्हणावं. तुमच्याकडे काय, घंटाच ओततात!"

यंदा पाटलांना ते फार झोंबलं. त्यांनी घरोघरची फुटकी भांडी, तुटक्या समया, मुक्या झालेल्या घंटा अशी काशाची सगळी मोड गोळा केली आणि ओतारणीच्या दारात आणून टाकली.

"बाई, यंदाचा बैल आपला. होईल ना?"

"हो," ओतारणीच्या तोंडून निघून गेलं. मग दिवसभर ती विचार करत राहिली, हे नक्की कोण बोललं?

तिने मेणाचा सुंदर बैल केला. त्यावर माती लिंपली. साचा भाजला, मेण वितळून वाहून गेलं. त्या पोकळीत तिने काशाचा रस ओतला. साचा फोडला तर काय, बैलाला पायच नाहीत! पोटाखाली नुसती चार बोंडं.

आता त्या घराचा एक रिवाज होता. फसलेलं ओतकाम सूर्य मावळायच्या आत पुन्हा वितळायला मुशीत गेलं पाहिजे, कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. ओतारीण तर सूर्याचीही वाट बघत नसे. तिने तोंड फिरवूनच बैल मुशीत टाकला.

दुसऱ्यांदा ओतला. पुन्हा बोंडं. पुन्हा मुशीत.

तिसऱ्यांदा साचाच तडकला आणि रस राखेत सांडला. जळून, सांडून पाव हिस्सा कासं घटलं. हे मात्र लपलं नाही.

पाटील आले. मिशीतल्या मिशीत पुटपुटत त्यांनी उरलेल्या काशाकडे पाहिलं. "बाई, पोळ्याला आठ दिवस राहिले. चौथ्यांदा फसलं तर ही मोड पलीकडच्या गावाला द्यावी लागेल. त्यांचाच ओतारी ओतून देईल. मग घंटांचं कामही लोक तिकडेच नेतील, ते माझ्या हातात नाही."

ओतारणीने मान हलवली. सात पिढ्यांची भट्टी आणि ती विझणार आपल्या हातून!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्या साच्यासाठी चिकण माती आणायला नदीच्या जुन्या काठावर गेली. लेक बरोबर होतीच. तिला ठेवून जावं तर ती भाता उसवून ठेवायची. दोन हात खणल्यावर कुदळ खण्णकन वाजली. माती बाजूला केली तर एक मोठा रांजण. त्यात तुटक्या कुऱ्हाडी, बांगड्यांचे तुकडे, धातूचे गोळे आणि तळाशी चार छोटे बैल. सगळं काशाचं. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं, त्या काळातलं कुणीतरी पुरून ठेवलेलं आणि परत न्यायला न आलेलं.

"आई, काय सापडलं?"

"काही नाही गं. कुणाची तरी मोड आहे."

लेकीने वाकून पाहिलं. काशावर जागोजागी हिरवागार कळंक चढला होता.

"अय्या, खरंच मोड आलेत! आई, किती दिवस भिजत घातलं होतं गं?"

ओतारणीला हसू फुटलं. "वेडाबाई, मुगाचे मोड वेगळे. ही मोड म्हणजे नुसतं भंगार. वितळवून टाकायचं."

"मग हिरवं कशाला होईल?" लेक म्हणाली.

ओतारीण रांजणाभोवतीची माती उकरू लागली.

रांजण घरी आला तसं अख्खं गाव अंगणात जमलं. पाटलांनी एक कुऱ्हाड हातात घेऊन तोलली. "बाई, देवच पावला! घट भरून निघाली. घाला सगळं मुशीत, होऊ दे बैल पुरा."

सासूने चारही बैल पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई, ही तर फसलेली ओतणी! कुणाची का असेनात. सूनबाई, सूर्य मावळायच्या आत मुशीत टाक हो. रिवाज आहे आपला."

ओतारणीने पहिला बैल उचलला, भट्टीकडे नेला आणि थबकली. आजवर तिने फसलेलं काम कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाहवतच नसे. पण हे काही तिचं नव्हतं. दुसऱ्याची चूक बघायला कसली लाज?

तिने बैल खाली ठेवला. शेजारी दुसरा, तिसरा, चौथा मांडला.

पहिल्याला एकही पाय नव्हता. थेट तिच्या बैलासारखा! दुसऱ्याचा एक पाय खुरापर्यंत उतरला होता आणि त्याच खुराला वातीएवढी काशाची एक काडी चिकटलेली होती. तिसऱ्याला दोन पाय, दोन काड्या. चौथ्याला चार पाय, चार काड्या. फक्त एक शिंग नव्हतं.

"आत्याबाई," ओतारीण सासूला हळूच म्हणाली, "जिथं काडी, तिथं पाय."

"म्हणजे गं?"

"साच्यात खुराच्या टोकाशी हवा अडकते. तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून रस आत शिरत नाही. हिने खुराला मेणाची वात लावून वाट काढून दिली. एकेक पाय करत शिकली ती! काम जमलं की या काड्या कापून, घासून टाकतात, खूण राहत नाही. फसलेल्याच्या कोण कापतो? आणि आम्ही तर फसलेलं पाहतच नाही."

"तो की ती, तुम्हाला काय ठाऊक?" पाटील म्हणाले.

ओतारणीने चौथ्या बैलाचं वशिंड दाखवलं. मेण ओलं असताना त्यावर एवढासा अंगठा उमटला होता. लेकीने आपला अंगठा त्यात घालून पाहिला. अगदी बसला. "घरात लुडबुडणारं कुणीतरी होतं," ओतारीण म्हणाली. "म्हणून मी आपली 'ती' म्हणते."

"बरं, कळलं ना सगळं? मग आता तरी वितळवा," पाटील म्हणाले.

ओतारणीने चारही बैलांकडे पाहिलं. गाव समोर उभं, कासं अपुरं, आणि आपण कुठल्या मोठ्या कारागीर लागून गेलो! पण तोंडून पुन्हा एकदा निघून गेलं, आणि या वेळी कोण बोललं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नाही वितळवणार."

"मग बैलाला कासं पुरणार कसं?"

"नाहीच पुरणार. वासरू होईल."

"पलीकडचे हसतील, बाई!"

"हसू देत. शेपटी धरू नका असं तर म्हणणार नाहीत ना!"

पाटील मान हलवत निघाले. पण जाताना कुऱ्हाड परत रांजणात ठेवून गेले.

ओतारणीने मेणाचं वासरू केलं. चार खुरांना चार वाती लावल्या, शिंगांच्या कोंबांना दोन, शेपटीला एक. रस ओतला. साचा गार झाल्यावर सासूनेच हातोडी घातली, कारण ओतारणीने डोळे मिटून घेतले होते.

"उघड गं डोळे," सासू म्हणाली.

वासरू चार पायांवर उभं होतं. इतकं ऐटीत, की आता उधळतंय की काय! सवयीने ओतारीण खड्डा शोधू लागली. एकच सापडला, वशिंडावर, एवढ्याशा अंगठ्याचा. तो तिने घासून टाकला नाही.

तान्ह्या पोळ्याला नदीपलीकडचे लोक मुद्दाम बघायला आले. "बैल करणार होता ना? हे तर वासरू!"

"तान्हा पोळा आहे ना?" ओतारणीची लेक चाकांवरच्या वासराची दोरी घट्ट धरून म्हणाली. "मग तान्हंच हवं!"

अख्खं गाव खदखदून हसलं. पोरांनी एकेक करून वासराची शेपटी धरून पाहिली. पलीकडच्या म्हाताऱ्या ओताऱ्याने वासरू उलटं करून खूर निरखले. त्याच्या बैलाचे पाय ओंडक्यासारखे जाड होते. असे नाजूक पाय त्याला जन्मात साधले नव्हते. "पोरी, कुणाकडे शिकलीस?"

"घरी या, दाखवते," ओतारीण म्हणाली. आणि ताठ मानेने पुढे झाली.

घरी दारासमोरच्या फळीवर ते चार फसलेले बैल ओळीने मांडलेले होते. पाचवा नव्हता. तो जमला असणार, कुणाच्या तरी अंगणात पळाला असणार. म्हातारा बघत असतानाच सासू आत गेली, पिठाच्या डब्यात हात घालून तिने एक वाकडी, मुकी घंटा काढली आणि फळीच्या टोकाला ठेवली.

"माझी पहिली," ती म्हणाली. "चाळीस वर्षं लपवली होती."

ओतारणीने ती उचलली, पदराने पुसली आणि फळीच्या मधोमध ठेवली.

तात्पर्य: फसलेल्या कामाकडे पाठ फिरवली तर त्याची नुसती मोड होते, धीर धरून त्याच्याकडे पाहिलं, तर त्यालाच मोड येतात.