शेवटची पंगत

एकदा एक व्यापारी एका वृद्ध आचार्यांकडे भलतेच कोडे घेऊन आला. त्याच्या मूळ गावी दरवर्षी देवीचा भंडारा होई आणि त्याचे धान्य तो पुरवी. तिथे कुंभारवाड्याला नेहमी शेवटच्या पंगतीला बसवतात, असे त्याच्या कानावर आले होते. "यंदाचे धान्य पोचले आहे. पण हा अन्याय असेल, तर पुढच्या वर्षी माझ्याकडून एक दाणा मिळणार नाही. खरे काय ते तुम्ही शोधून द्या."

आचार्यांचा एक शिष्य समाजाचा अभ्यास करी. ग्रंथ मुखोद्गत होते, त्यामुळे माणसांत आता नवे काही उरले नाही, अशी त्याची समजूत होती. आचार्यांनी त्याला त्या गावी धाडले. त्याने कुंभारवाड्यात दारोदार एकच प्रश्न विचारला, "शेवटच्या पंगतीबद्दल तुमची काही तक्रार?" दारोदार उत्तरही एकच मिळाले, "न्हाई बा, कायबी न्हाई." स्वारी खुशीत परतली.

"तुझ्याबरोबर कोण होते?" आचार्यांनी विचारले.

"गावचे पाटील. पाहुण्याला एकटे फिरू द्यायचे नाही, अशी तिथली रीत आहे. फार अगत्याचा माणूस!"

आचार्य आत गेले आणि आमटी वाढायचे ओगराळे आणून त्यांनी शिष्याच्या हाती दिले. "भंडाऱ्याला जा. कोणाला काही विचारू नकोस. वाढ."

शिष्य गोंधळला. इतकी वर्षे अध्ययन केले ते आमटी वाढायला? पण गुरूंची आज्ञा, तेव्हा निमूटपणे गेला.

देवळापाशी पुजारी त्याला आपणहून म्हणाला, "वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ आज एकाच कढईला हात लावतात. भंडारा नसता तर हे गाव केव्हाच फुटलं असतं." शिष्याला ते मनापासून पटले. मग दुपार कलली, शेवटची पंगत बसली, आणि कढईवरच्या माणसाने उरलेल्या आमटीत घागरभर गरम पाणी ओतले. पानापानावर ते पाणी वाढताना शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा तर उघड अन्याय!

पंगतीतल्या सोनकाबाई नावाच्या म्हातारीने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. "बस रं लेकरा, तूबी जेव. पयल्या पंगतीला मानसं डोईवर हुबी ऱ्हात्यात, उठा उठा करत. आमाला कोन उठिवतंय? पोरींच्या सोयरिकी हितंच जुळत्यात. ही पंगत आमची हाय."

"पण ही आमटी?"

"तिचा राग येतोच की! पानी आमाला दिसत न्हाई व्हय? पर म्हनून कुनी जेवानच बंद केलं, तर आमी वर्साचं बसायचं कुठं?"

शिष्याचा घास हातातच राहिला. पुजारी खरा, कढई खरी, सोनकाबाईही खरी. परतीच्या वाटेवर तिघांचे त्याच्या डोक्यात भांडण चालले होते.

व्यापारी वाटच पाहत होता. "बोला, अन्याय आहे की नाही?"

शिष्याने पुजारी, आमटी, सोनकाबाई सगळे सांगितले आणि तो रडकुंडीला आला. "गुरुजी, मला काहीच कळेनासे झाले आहे."

"पहिल्या खेपेला तुला सगळे कळले होते," आचार्य म्हणाले, "कारण पाटलांच्या देखत सगळे सारखेच बोलले. पुजारी पाहतो, गाव कशामुळे टिकून आहे. वाढताना तू पाहिलेस, कोणाच्या वाट्याला काय येते. आणि बसणाऱ्याला त्या बसण्याचा अर्थ काय वाटतो, ते सोनकाबाईने सांगितले. एकाच्याच शब्दावर निकाल दिलास, तर उरलेले दोघे खोटे ठरणार नाहीत. ते फक्त तुला दिसेनासे होतील."

शिष्य व्यापाऱ्याकडे वळून म्हणाला, "धान्य पाठवा, शेठजी. आमटीत पाणी घालणे मात्र थांबवा. आणि पंगत बदलायची की नाही, ते कुंभारवाड्याला ठरवू द्या."

"मग मीच जाऊन त्यांना विचारतो!" व्यापारी उठलाच.

"तुम्ही नको," शिष्याच्या तोंडून निसटले. "भंडारा तुमच्या धान्यावर चालतो. तुम्हाला खरे कोण सांगेल?"

व्यापारी पुन्हा खाली बसला. "त्या गावात मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही," तो हळूच म्हणाला. हे वाक्य तो नेहमी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आज ते सांगताना त्याची मान खाली होती.