चौकातलं सिमेंटचं संत्रं

फार जुनी नाही, पण लोक सोयीने विसरलेली गोष्ट. संत्र्यांच्या एका तालुक्यात, वेशीजवळच्या चौकात सिमेंटचं भलंमोठं संत्रं बसवलं होतं. येणारेजाणारे त्याच्यासमोर फोटो काढत आणि ते फुगून जाई.

एकदा बागेतली साळुंकी त्याच्यावर येऊन टेकली. "पाण्यावाचून झाडं वाळताहेत," ती म्हणाली. "फोटोला पुढारी येतात, त्यांच्या कानावर घाल की जरा."

"वाळू देत," संत्रं म्हणालं. "हा तालुका संत्र्यांचा म्हणून ओळखला जातो, तो माझ्यामुळे. त्या वाकड्या झाडांना विचारतो कोण?"

"तुझ्यात एक फोड तरी आहे का?" असं म्हणून साळुंकी उडून गेली.

झाडं वाळली. लोकांनी ती उपटून डाळिंबं लावली. मग एका सकाळी गवंड्याने चौकात शिडी लावली, संत्र्याच्या डोक्यावर सिमेंटचा तुरा बसवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत लाल रंग फासला.

साळुंकी शिडीवर येऊन बसली. "आता काय सांगशील?"

"हेच, की हा तालुका डाळिंबांचा म्हणून ओळखला जातो, तो माझ्यामुळे."

"आणि संत्री?"

"कुठली संत्री?"

साळुंकी ओल्या रंगावर नेमकी शिटली आणि घरट्यासाठी दुसरी बाग शोधायला निघाली.