कप्तानबाबाच्या ओळी

सावळखेड्याच्या कप्तानबाबाची गोष्ट माझ्याइतकी खरी कुणालाच सांगता येत नाही. मी ती दर वर्षी वेगळी सांगतो, एवढाच काय तो तिच्यात दोष.

फार वर्षांपूर्वी, गिरणेला बारमाही पाणी होतं आणि आमच्या सुपडूअण्णाच्या खापरपणज्याच्या डोक्यावर केस होते, त्या काळी साता समुद्रांपलीकडं अमेरिकेत एझ्रा हॉलोवे नावाचा एक माणूस होता. हे नाव आमच्या तोंडात मावत नाही, म्हणून गाव त्याला कप्तानबाबाच म्हणतं. माणूस बोलण्यात असा पटाईत, की त्यानं भाषण सुरू केलं की चरणारी घोडीसुद्धा मान वर करायची, असं म्हणतात. लोकांनी त्याला निवडून देऊन मोठ्या सभेत बसवलं. पुढारी फक्त आपल्याकडंच होतात असं समजू नका. ते पीक कुठल्याही मातीत येतं.

मग त्या देशात भाऊबंदकी पेटली. माणसं विकत घेऊन गुरासारखी राबवायची की त्यांना सोडायचं, यावरून अर्धा देश अर्ध्यावर धावून गेला. कप्तानबाबा सोडवणाऱ्यांच्या बाजूचा. त्याचं खरंच होतं, त्यात वाद नाही. तिकडं रीत अशी, की जो गावची पोरं गोळा करील त्यालाच त्यांचा कप्तान करायचं. हा देवळाच्या पायरीवर उभा राहून बोलला आणि पोरं नांगर जागच्या जागी सोडून त्याच्यामागं निघाली. आया रडायला लागल्या, तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांना परत आणीन."

लढाई मक्याच्या शेतात झाली. सकाळी मका डोक्याएवढा उभा होता. दुपारी ना मका उभा राहिला, ना पोरं. उभा राहिला एकटा कप्तानबाबा. गोळ्या त्याला वळसा घालून जायच्या, असं म्हणतात. लोक याला नशीब म्हणायचे. तो म्हणत नसे.

आणि खरी शिक्षा तर पुढंच. गावानं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. मेलेल्या पोरांच्या बापांनीच त्याला पुन्हा निवडून दिलं, गळ्यात हार घातले. तो सभेत बोलायला उभा राहिला, आणि तोंडातून शब्द फुटेना. त्यानं घरदार उघडं टाकलं, जहाज धरलं, मुंबईला उतरला, आणि कापसाच्या कामावर हिंडत हिंडत आमच्या गावात येऊन राहिला.

इथं तो कपाशी पेरायला शिकवायचा. तोंडानं नाही, हातानं. फक्त सरकी टाकताना पुटपुटायचा. "इलाय." एक ओळ. "नेथन." दुसरी ओळ. ओटिस, अमोस, असं करत शेवटाला जायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. आता आमची माणसं महाहुशार! साहेबाची कपाशी जोरात येते, तेव्हा हा पेरणीचा मंत्रच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. सगळा गाव पेरताना तेच म्हणू लागला. पहिल्यांदा ते कानी पडलं, तेव्हा कप्तानबाबा बांधावर मटकन बसला. गावाला वाटलं, साहेबाला आनंद झाला.

त्याला भाकरी द्यायची ती झेलाबाई. विधवा बाई, एकच पोरगा, पुंजा. एकदा आश्विनात सरकारी पलटणीची भरती करायला एक सुभेदार गावात आला. त्यानं बूट दाखवले, लाल डगला दाखवला. पोरं हुरळली. सगळ्यांच्या पुढं पुंजा. सुभेदारानं कप्तानबाबाला पारावर बोलावलं.

"साहेब, तुम्ही लढाई पाहिलेले. चार शब्द बोला, म्हणजे मागचेही पुढं येतील."

झेलाबाई गर्दी रेटत आली. "बाबा, मी तुला कधी काही मागितलं नाही. आज मागते. बोलू नको. तू बोललास तर हा जाईल."

"आये, घरी जा," पुंजा म्हणाला. "लोक हसतात."

कप्तानबाबा पारावर चढला. त्यानं टोपी काढली आणि सुरू केलं, "इलाय. नेथन. ओटिस. अमोस."

लोक खरंच हसले. कुणी ओरडलं, "बाबा, पेरणी होऊन गेली! बोंडं लागली आता!"

तेव्हा तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मंत्र नाही हा. ही पोरं आहेत. मी बोललो, म्हणून आली. सगळी मक्यात पडली. मी एकटा उठलो."

मग तो पुढची नावं घेऊ लागला, आणि दर नावाला शिवारात एक हिरवं बोंड तडकू लागलं, असं म्हणतात. तड. तड. शेवटच्या नावाला सगळं शिवार वेळेआधीच पांढरं झालं.

पोरं एकेक करून मागं सरली. पुढं उरला एकटा पुंजा. "आता मीच कसा मागं फिरू?" तो म्हणाला. "जन्मभर हेच ऐकावं लागेल." कप्तानबाबानं खाली उतरून त्याचा पाय धरला. पुंजानं हसत हसत तो सोडवून घेतला. सुभेदार तेवढा एकच घेऊन गेला, आणि दोन पावसाळ्यांनी पुंजाचं कांबळं तेवढं परत आलं.

कप्तानबाबाचं बोलणं बंदच झालं. पुढच्या पेरणीला त्यानं शेवटच्या ओळीवर "पुंजा" म्हटलं आणि त्याच ओळीत आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याच्या मुठीतली उरलेली सरकी झेलाबाईनं काढून घेतली आणि ओळ पुरी केली.

अजूनही सावळखेड्यात पेरताना ती नावं घेतात. शेवटी पुंजाचं. त्यापुढची एक ओळ रिकामी सोडतात, ती कप्तानबाबाची. आणि मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला पारावर चढवून, टोपी काढायला लावून, आधी सगळी नावं ऐकवतात. मग म्हणतात, हं, आता बोला. बहुतेक जण तसेच उतरतात. गावाचा तेवढाच फायदा.

परवा मी हे सांगत होतो, तेव्हा द्वारकावहिनी सरकी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, डोळे पुसा. सरकी भिजेल."

"रडत नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "विचार करते. एवढी पोरं पेरता दर वरसाला. त्यांच्या आया कुठल्या ओळीत पेरल्या?"