पंचवीस वर्षांची हमी

कोकणातल्या एका वाचनालयाची सपाट गच्ची दर पावसाळ्यात गळायची आणि चरित्रांच्या कपाटाला बुरशी यायची. म्हणून अध्यक्षांनी गच्चीवर रबराची चादर बसवणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब, खांबेटे, यांना बोलावलं. साहेबांनी तासभर भाषण ठोकलं.

"पंचवीस वर्षं थेंबभर पाणी येणार नाही. लेखी हमी देतो!"

अध्यक्ष सहीसाठी पेन उघडून बसले. ग्रंथपाल इंदुताई शेट्ये मात्र हमीपत्राची मागची बाजू वाचत होत्या, आणि वाचावं तसा त्यांचा गोंधळ वाढत होता. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं.

"साहेब, मला काही कळेना. गच्चीवर पाणी साचलं तर हमी नाही?"

"अर्थात. साचल्या पाण्याने चादरीचे जोड सुटतात."

"आणि ऊन लागलं तर?"

"कडक उन्हात रबर तडकतं, बाई. या तांत्रिक गोष्टी तुम्हाला नाही समजायच्या."

"खरंच नाही समजत," इंदुताई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "याला ऊन नको, पाणी नको. मग तुमच्या रबरावर आम्ही छप्पर कशाचं घालायचं?"

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. लालबुंद झालेल्या खांबेट्यांनी घाईघाईने दोन्ही अटी खोडल्या आणि खाली सही ठोकली.

इंदुताई आणखीच गोंधळल्या. "मघाशी जोड सुटणार होते ना? ते आता सहीने चिकटले का?"

मग मात्र खांबेट्यांनी मुकाट्याने करारात लिहून दिलं: गच्चीला आधी उतार, मगच रबर, आणि प्रत्येक जोड दुहेरी.